आधी काच, मग रॉड



कोल्हापूरच्या कारखानदारीतल्या पहिल्या पिढीच्या कारागिरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. मी अनेक वर्षं वेल्डिंग शिकवलं, म्हणून तुमच्या रोजच्या कामातलाच विषय घेऊन आलो आहे: वेल्डिंग करणाऱ्या माणसाचा जीव, डोळे आणि फुप्फुसं शाबूत कशी ठेवायची. जुन्या मिस्त्रींचा हुन्नर पुढे चालवणारे हात धडधाकट राहावेत, याहून मोठी आदरांजली मला सुचत नाही.

आपल्या गावाचा हुन्नर पाहून शिकण्यातून उभा राहिला. बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी परदेशी कॅमेऱ्याची रचना अभ्यासून याच गावात कॅमेरा तयार केला. बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट 1920 साली पडद्यावर आला. यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही इथे आदरानं घेतलं जातं. बाहेरचं ऑइल इंजिन दुरुस्तीला आलं की ते उघडायचं, भाग मापायचे, पॅटर्न करायचा, ओतकाम करायचं. असं करत करत इथलीच इंजिनं शेतकऱ्यांच्या विहिरींवर बसली. मिस्त्रींच्या शेजारी उभं राहायचं, त्यांचा हात बघायचा आणि मग आपला हात चालवायचा. लेथ, मोल्डिंग, फिटिंग सगळं असंच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेलं.

हीच रीत वेल्डिंगला लावली की घात होतो. वेल्डिंगमध्ये जे बघून शिकायचं, तेच डोळ्याला इजा करतं. आणि ज्यानं जीव जातो, ते डोळ्याला दिसतच नाही. होल्डरमधला विजेचा दाब दिसत नाही. अतिनील किरण दिसत नाहीत. रिकाम्या बॅरलमधली वाफ दिसत नाही. शिवाय यातली बरीचशी इजा काम करताना जाणवतही नाही. लेथवर बोट कापलं तर पोरगं त्याच क्षणी धडा घेतं. वेल्डिंगमध्ये चूक दुपारी होते आणि शिक्षा मध्यरात्री मिळते, नाहीतर पन्नाशीला. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. वेल्डिंगचा हात पाहून बसेल, पण वेल्डिंगमधली सुरक्षितता पाहून येत नाही. ती तोंडानं सांगावी लागते आणि मालकाला नियम म्हणून लावावी लागते.

सुरुवात डोळ्यांपासून करू. आर्कचं तापमान 6000 अंश सेल्सिअसच्या घरात असतं. लोखंड 1500 अंशांच्या आसपास वितळतं, यावरून कल्पना करा. त्या आर्कमधून डोळे दिपवणारा उजेड येतो, उष्णतेचे अवरक्त किरण येतात आणि अतिनील किरण येतात. अतिनील किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात शोषले जातात आणि त्याची वरची त्वचा भाजते. हे होताना काहीही दुखत नाही. 6 ते 12 तासांनी, म्हणजे जेवून झोपल्यावर, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं टोचायला लागतं, पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही. मग घरात बटाट्याचे काप येतात, दुधाच्या घड्या येतात. गारव्यानं क्षणभर बरं वाटतं, एवढंच. स्वयंपाकघरातली वस्तू भाजलेल्या डोळ्याला लावली तर वर जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. स्वच्छ पाण्याच्या गार पट्ट्या बंद पापण्यांवर ठेवा, डोळे चोळू नका आणि सकाळी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आराम पडतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून पुन्हा पुन्हा घालू नका. दुखणं थांबतं, पण जखम भरायचीही थांबते, आणि थेंबांनीच डोळा कायमचा बिघडू शकतो.

हे कोणाला होतं? वेल्डरपेक्षा त्याच्या हेल्परला जास्त. ट्रॉलीची फ्रेम जुळवताना हेल्पर दोन्ही हातांनी अँगल गुण्याला लावून धरतो. त्याचे हात अडकलेले असतात, त्यामुळे काच धरायला हात उरत नाही. वेल्डर म्हणतो, “तोंड फिरव,” आणि टाका मारतो. पोरगं तोंड फिरवतं, पण अँगल हलला का हे बघायला लगेच वळतं. तेवढ्यात दुसरा टाका पडतो. दिवसभरात असे किती टाके पडतात, ते कोणी मोजत नाही. आणि ज्या पोराला काम शिकायची खरी ओढ असते, ते सगळ्यात जास्त बघतं. ज्याच्यात हुन्नर आहे, त्याचेच डोळे आपण आधी भाजतो.

म्हणून माझा पहिला नियम: आधी काच, मग रॉड. नव्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी होल्डर देऊ नका. डोक्यावर हेल्मेट द्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि तोही काचेआडून वितळलेला पाट वाहताना बघू शकतो. काचेला नंबर असतो. रॉडनं 100 अँपिअरच्या आसपास काम असेल तर 10 नंबर, 200 च्या पुढे 11 किंवा 12. गॅस कटिंगचा चष्मा 5 नंबरच्या आसपासचा असतो. तो लावून आर्ककडे बघणं म्हणजे डोळ्यांची फसवणूक. रस्त्यावरचा काळा गॉगल तर त्याहून वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि चेहऱ्याच्या बाजूनं किरण आत शिरतात. आपोआप काळी होणारी चांगल्या प्रतीची काच आता सहज मिळते. ती काळी व्हायला क्षणाचा अगदी बारीक अंश घेते, आणि काळी होण्यापूर्वीही अतिनील किरण अडवते. टाके मारणाऱ्या माणसाला तिच्यासारखी सोबत नाही.

आपली कितीतरी दुकानं रस्त्याला लागून आहेत. ग्रील, शटर, उसाची ट्रॉली, गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या रथाचे सांगाडे, सगळं फुटपाथवर जोडलं जातं. शाळेतून घरी निघालेली मुलं थांबून बघतात. त्यांना हेल्मेट कोण देणार? गर्द कापडाचा किंवा वेल्डिंगचा खास पडदा, नाहीतर पत्र्याचा एक उभा आडोसा, एवढ्यानं काम भागतं. पांढरी भिंत आणि स्टेनलेसचा चकचकीत पत्रा किरण परत फेकतात, हेही ध्यानात ठेवून पडदा लावा.

आता विजेकडे येऊ. वेल्डर म्हणतात, “होल्डरच्या करंटनं काही होत नाही, नुसती मुंगी येते.” हा समज जीव घेतो. आर्क चालू असताना होल्डर आणि कामाच्या मध्ये साधारण 20 ते 30 व्होल्ट असतात. आर्क तुटला, रॉड संपला, की तोच दाब 60 ते 80 व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे वेल्डिंग चालू असतानापेक्षा रॉड बदलताना धोका जास्त. कोरड्या कातडीचा अवरोध मोठा असतो, म्हणून नुसती मुंगी येते. घामानं किंवा पावसानं भिजल्यावर तो 1000 ओहमच्या आसपास उतरू शकतो. हिशेब सोपा आहे: 80 व्होल्ट, 1000 ओहम, म्हणजे 80 मिलिअँपिअर. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचे 30 मिलिअँपिअर छातीतून थोडा वेळ गेले तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो.

आता जुलैतलं एक शेड नजरेसमोर आणा. पत्र्यातून पाणी गळतंय, फरशी ओली आहे. वेल्डर ओल्या चॅनेलवर गुडघा टेकून बसला आहे. रॉड संपला. हातमोजा भिजलाय म्हणून त्यानं तो काढला, होल्डर काखेत धरला आणि उघड्या हातानं नवा रॉड उचलला. होल्डरचं फायबर एका कडेनं तुटलेलं आहे. आता विजेचा रस्ता काखेतून गुडघ्याकडे, म्हणजे थेट छातीतून जातो. यातली एकेक गोष्ट तुम्ही आपापल्या शेडमध्ये पाहिलेली आहे. त्या सगळ्या एका क्षणी जुळून येतात, तेव्हा माणूस जातो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला की आता निर्धास्त, असं मालकांना वाटतं. तो बसवाच, कारण मशीनच्या बॉडीला मेन लाइन चिकटली तर तो वाचवतो. पण होल्डरकडचा धक्का तो पकडत नाही. ट्रान्सफॉर्मरची वेल्डिंगकडची बाजू मेन लाइनपासून वेगळी असते, त्यामुळे तिथली गळती त्याला कळतच नाही. तिथे वाचवतात त्या अगदी साध्या गोष्टी: कोरडे, न फाटलेले चामड्याचे हातमोजे, पायाखाली कोरडी फळी, आख्खा होल्डर, आणि शक्य असेल तर रिकाम्या वेळी दाब आपोआप खाली आणणारं व्हीआरडी असलेलं मशीन. हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवा. एक वाळत असेल तेव्हा दुसरी हातात.

दुसरी गोष्ट क्लॅम्पची. कामाला लावायची परतीची तार आणि मशीनच्या बॉडीचं अर्थिंग या दोन वेगळ्या तारा आहेत आणि दोन्ही लागतात. परतीचा क्लॅम्प जोडाच्या जवळ, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर बसवा. सळईचा तुकडा टेकवून किंवा दहा फुटांवरच्या खांबाला अडकवून चालत नाही. रस्ता नीट मिळाला नाही, की वीज दुसरा शोधते: ट्रॉलीच्या चाकाच्या बेअरिंगमधून, क्रेनच्या साखळीतून, शेजारच्या मशीनच्या अर्थिंगच्या तारेतून. बेअरिंगवर ठिपके पडतात, साखळी कमजोर होते, अर्थिंगची तार जळते, आणि पुढे कधीतरी त्याच साखळीखाली माणूस उभा असतो.

कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, पण सांगतो. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत आलं. पाण्यात बुडालेलं मशीन उन्हात एक दिवस ठेवून चालू करू नका. आतली वेटोळी खोलवर ओली राहतात. माहीतगार इलेक्ट्रिशियनकडून ते उघडून, पूर्ण वाळवून, मेगरनं इन्सुलेशन तपासून घ्या आणि मगच मेन स्विच लावा. केबलही तपासा. गाळातून निघालेल्या केबलची साल आतून फुगलेली असते.

तिसरा विषय धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2017 साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. वेल्डिंगमधले अतिनील किरणही त्याच गटात गेले. पहिला गट म्हणजे जिथे पुरावा पक्का आहे, तो. हा धूर मायक्रॉनहून बारीक कणांचा असतो आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो. साध्या लोखंडाच्या रॉडमधून मॅंगनीज येतं. वर्षानुवर्षं गेलं तर ते मज्जासंस्थेला त्रास देतं. स्टेनलेसच्या कामात निकेल आणि घातक प्रकारचं क्रोमियम येतं. दूध डेअरी आणि साखर कारखान्यांची स्टेनलेसची कामं करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. जीआय पाइप आणि जीआय पत्र्यावरच्या जस्ताचा धूर घेतला तर संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. उतरतो म्हणून आपण त्याला सर्दी-ताप म्हणून सोडून देतो.

यावर आपल्याकडे उपाय सांगतात: दूध प्या, गूळ खा. आपल्या दुधाचा आणि गुळाचा मला अभिमान आहे. पण दूध आणि गूळ पोटात जातात, धूर फुप्फुसात जातो. तोंडाला बांधलेला रुमालही हे कण अडवत नाही. जीआयचं वेल्डिंग करायचं तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी काढा. डोकं धुराच्या लोटाबाहेर ठेवून बसा. पंखा तोंडासमोर नको, बाजूनं लावा, म्हणजे धूर चेहऱ्यापासून दूर जाईल. रोजचं काम असेल तर धूर उगमापाशीच खेचणारी नळी बसवा. नाइलाज असेल तिथे किमान एन-95 दर्जाचा मास्क हेल्मेटच्या आत घाला. आणि ट्रायक्लोरोइथिलिनसारख्या द्रावणानं पुसलेला भाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय जवळ आर्क पेटवू नका. त्याच्या वाफेपासून अतिनील किरणांत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

आता बंदिस्त जागा. टाकीत उतरून वेल्डिंग करणं हे आपल्या जिल्ह्यातलं नेहमीचं काम आहे. साखर कारखाने आहेत, आसवन्या आहेत, मळीच्या टाक्या आहेत. 1948 च्या कारखाने कायद्यानं यावर स्पष्ट शब्दांत लिहिलं. त्याच्या कलम 36 नं विषारी वायूच्या टाकीत उतरण्याआधीची खबरदारी सांगितली. कलम 36-अ नं पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर टाकीत 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा दिवाही नेऊ नका असं म्हटलं. आणि आपण तिथे 70-80 व्होल्टचा होल्डर घेऊन घामेजलेल्या अंगानं चारी बाजूंच्या लोखंडात बसतो! टाकीत उतरायचं तर आधी आतल्या हवेची मोजणी, सतत ताज्या हवेचा पंखा, आणि तोंडाशी एक माणूस हवा, जो कोणत्याही कारणानं जागा सोडणार नाही. वेल्डिंगसाठी सोडलेला आर्गॉन वायू हवेपेक्षा जड असतो. टाकीच्या तळाशी साठतो आणि हवेला बाहेर ढकलतो. माणसाला गुदमरल्याची जाणीवही न होता शुद्ध जाते. आत पडलेल्याला काढायला दुसरा तसाच उतरला, तर दोघे जातात. आणि हवा ताजी करायला आत ऑक्सिजनचा पाइप कधीही सोडू नका. ऑक्सिजनमध्ये भिजलेले कपडे एका ठिणगीनं भडकतात.

त्याच कायद्याच्या कलम 37 नं ज्वालाग्राही पदार्थ ठेवलेल्या टाकीवर, ती पूर्ण निर्धोक केल्याशिवाय, वेल्डिंग करायला मनाई केली. आपण हे कारखान्यात पाळतो, पण भंगारातल्या बॅरलला विसरतो. थिनरचं, तेलाचं रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं. आत द्रव नसतो, वाफ असते, आणि तिला हवा मिळालेली असते. नाकाला वास आला नाही म्हणजे वाफ नाही, असं समजू नका. बॅरलमध्ये आधी काय होतं हे माहीत नसेल तर त्याला हात लावू नका. माहीत असेल तर धुऊन, वाफेनं साफ करून, पाणी भरून, झाकण उघडं ठेवून, माहीतगाराच्या देखरेखीखालीच कापा.

ठिणगीचं सांगतो आणि मग माझ्या शेवटच्या मागणीकडे येतो. वेल्डिंगची ठिणगी 10-11 मीटरपर्यंत जाऊ शकते, फटीतून खाली पडू शकते आणि कपड्यात, भुशात, बगॅसमध्ये तासभर धुमसू शकते. 11 एप्रिल 1996 रोजी जर्मनीतल्या डसेलडॉर्फ विमानतळावर वरच्या रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू होतं. ठिणग्या खालच्या छतातल्या फोमच्या थरावर पडल्या. 17 माणसं गेली. इतक्या शिस्तीच्या देशात हे झालं, तर इचलकरंजीच्या मागाच्या शेडमध्ये, साखर कारखान्याच्या बगॅस यार्डात, नाटकाच्या पडद्यांजवळ आपण किती जपलं पाहिजे! आधी जागा मोकळी करा, फटी झाका, पाणी आणि अग्निशामक जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच ठेवा. वेल्डर घरी गेल्यावर लागलेली आगही वेल्डिंगचीच असते.

आता मागणी. ही सगळी माहिती नवीन नाही. भारतीय मानक संस्थेनं वेल्डिंगच्या सुरक्षिततेची आचारसंहिता 1968 सालीच काढली आहे, आयटीआयच्या वेल्डर अभ्यासक्रमात हे शिकवलं जातं. तरी ही माहिती शेडपर्यंत का पोहोचत नाही? माझ्या मते खरं कारण आपल्या दरात आहे. फॅब्रिकेशनचं काम आपण किलोवर घेतो. एवढ्या किलोचा सांगाडा, एवढा दर. त्या दरात लोखंड असतं, रॉड असतो, वीज असते, मजुरी असते. हेल्परच्या हेल्मेटला, कोरड्या हातमोज्यांना, टाकीच्या तोंडाशी नुसत्या उभ्या राहिलेल्या माणसाला त्या दरात जागा नसते. मग ज्याचा दर कमी त्याला काम, आणि दर कमी करायला पहिली कात्री इथेच लागते. एकटा मालक हे बदलू शकत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून सगळ्यांनी मिळून बदललं पाहिजे.

कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा या उद्योजकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की कोटेशनमध्ये सुरक्षिततेची एक वेगळी ओळ लिहिण्याचा पायंडा सभासदांनी मिळून पाडावा. आर्किटेक्ट, कंत्राटदार, साखर कारखाने आणि गणेश मंडळं यांनी ती ओळ नसलेलं कोटेशन परत पाठवावं. ती ओळ कापून काम देणाऱ्या ग्राहकाला मी स्पष्ट सांगतो की तुम्ही वाचवलेले पैसे कोणाच्या तरी डोळ्यांतून गेले आहेत.

आणि वेल्डर बंधूंनो, तुमच्याकडेही एक अधिकार आहे, तो वापरा. होल्डर फुटका असेल, बॅरलची माहिती नसेल, टाकीच्या तोंडाशी माणूस नसेल, तर रॉड खाली ठेवा आणि सांगा, “आधी हे, मग काम.” जुने मिस्त्री मालकाला असं सांगत असत आणि मालक ऐकत, कारण काम मिस्त्रींच्या हातात होतं. आजही ते तुमच्याच हातात आहे. उद्या सकाळी शेड उघडाल तेव्हा मशीन चालू करण्याआधी तीन गोष्टी बघा: होल्डर आख्खा आहे का, क्लॅम्प जोडाजवळ आहे का, आणि हेल्परच्या डोक्यावर हेल्मेट आहे का. तिन्हींचं उत्तर होय असेल तरच मेन स्विच दाबा.